दिवा न लावता दिलेला सप्लाय

या गोष्टीबद्दल मी कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — आणि देवापुढे मी एरवी काय काय बडबडते! शेजारणीची चुगली करते, गुडघ्यांचं रडगाणं गाते. हे मात्र तिथेही गिळलं. आज लिहितेय तेही शाळेतल्या मराठीत, कारण आमच्या घरच्या अहिराणीत हे वाक्य माझ्या जिभेवर येतच नाही. त्या बोलीत मंगल मला ताई म्हणून हाक मारते. त्याच बोलीत मी हे कसं बोलू?

मंगल माझी धाकटी बहीण. तिच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. पोळी लाटताना लाटणं तळव्याने ढकलते, स्वतःची वेणी पोरीकडून घालून घेते. मिक्सरचं बटण ती स्वतः दाबत नाही, नवरा नाहीतर पोर दाबते. कुणी विचारलं की हसून सांगते, मन्हीच चूक, मन्ही अक्कल गहाण व्हती. पाहुण्यांना सांगते, दवाखान्यात सांगते, बाजारात भाजीवालीलाही सांगते. मी शेजारी उभी असते. पिशवी धरून.

तिची चूक नव्हती. हे एवढंच लिहून थांबावं असं वाटतंय. पण एवढंच लिहिलं तर तेही खोटंच ना?

सुरुवातीपासून सांगते. तू कोण ते ठाऊक नाही; कधीतरी हे जिच्या हाती लागेल ती तू.

खांडबाऱ्याला स्टेशनावरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला आमचं दुकान. आमच्या वडिलांचं, आप्पांचं. टीव्ही, मिक्सर, बँडवाल्यांचे अँप्लिफायर, शेतातल्या पंपांचे स्टार्टर — जे येईल ते उघडायचं. आप्पांना मुलगा नव्हता आणि त्याचं त्यांना काही नव्हतंही. आम्हा दोघींना त्यांनी परकराच्या वयापासून टेबलाला बसवलं. माझं लग्न झालं, वर्षाच्या आत मी भांडून परत आले, आणि पुन्हा माझ्या स्टुलावर बसले. मंगलला गावातच दिलं होतं. ती घरचं आवरून, पोरीला सासूपाशी सोडून दुकानात यायची. दोन स्टुलं, एक लांब टेबल, टेबलाच्या कडेला वस्तू आवळून धरायचा लोखंडी वाईस. आमचं सगळं आयुष्य तेवढ्यात होतं.

आता मी कशी आहे तेही सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला आश्चर्य वाटायला नको. मी मारकुटी आहे. लहानपणापासून. राग आला की माझा हात आधी उठतो, मग तोंड. मंगलच्या झिंज्या मी किती वेळा उपटल्या असतील! एकदा तिने माझी रिबिन घेतली म्हणून तिचं डोकं पाण्याच्या टाकीत दाबून धरलं होतं, आप्पांनी मला पाठीवर वळ उठेपर्यंत झोडलं तेव्हा सोडलं. सासर सुटलं तेही याच हातामुळे. मी नवऱ्याला उलथनं फेकून मारलं, त्याची भुवई फुटली. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाहीये. राग सगळ्यांनाच येतो, सगळे काही बहिणीला मारायला उठत नाहीत.

आणि मंगल? तिचा हात हलका. लोक नवापूर-विसरवाडीहून सेट घेऊन यायचे आणि दारातूनच विचारायचे, मंगलबाई आहे का? मी समोर बसलेली असायची. हातात स्क्रू-ड्रायव्हर. मी म्हणायची, आहे, बसा. आणि आतल्या आत दात खायची.

आमच्या टेबलाची एक रीत होती, ती तुला कळली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. विजेच्या सेटमध्ये कंडेन्सर असतो — वीज साठवणारा डबाच म्हण. प्लग काढून बाजूला ठेवला, सगळं बंद केलं, तरी त्याच्या पोटात वीज बसून राहते. बोट लावलं की सगळी एका दमात अंगात शिरते. म्हणून आप्पांनी टेबलाच्या टोकाला दोन बल्ब जोडून ठेवले होते, त्यांना दोन वायरी, टोकाला चिमटे. सेट बंद केला की चिमटे कंडेन्सरला लावायचे. बल्ब भपकन पेटायचा आणि विझायचा. याला आम्ही दिवा लावणं म्हणायचो. आणि सेट दुसऱ्याच्या हातात देताना तोंडाने म्हणायचं — खाली शे. खाली आहे, आत काही उरलेलं नाही.

एकदा घरच्या माणसाने खाली शे म्हटलं की दुसऱ्याने पुन्हा दिवा लावायचा नाही. हीच ती रीत. तू म्हणशील, हा कसला वेडेपणा? दोनदा बघायला काय जातं? बाहेरच्या कुठल्याही दुकानात दोनदाच बघतात. पण आप्पांना ते चालायचं नाही. मी एकदा मंगलनंतर पुन्हा चिमटे लावले, तर त्यांनी माझ्या हातातून वायर हिसकली. बहिणीवर विश्वास नाही का तुझा? सख्ख्या बहिणीचा शब्द तपासून बघतेस? त्या दिवसापासून आम्ही एकमेकींचा शब्द तपासला नाही. कधीच नाही. ती खाली शे म्हणाली की मी डोळे झाकून हात घालायची. मी म्हणाले की ती.

तर ते किट आलं.

कामाचं नव्हतं ते, हौसेचं होतं. मंगलने ऑनलाइन मागवलं — जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह घालून घरी जोडायचा अँप्लिफायर. खोकं आलं तेव्हा पोरीसारखी नाचली. गिऱ्हाइकांचं काम संपलं की रोज थोडं जोडायची, डागणीने, म्हणजे टाके द्यायच्या विजेच्या तापत्या सळईने, डागलेला प्रत्येक टाका फुंकर मारून बघायची. व्हॉल्व्हना साधी वीज पुरत नाही. पावणेचारशेच्या वर व्होल्ट लागतात, त्यासाठी किटमध्येच वेगळा सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारा भाग होता आणि त्यात अंगठ्याएवढे जाड दोन कंडेन्सर. सगळं जोडून झालं, आणि सप्लाय चालेना. चालू केला की फ्यूज फट्.

मीच पुढे झाले. म्हटलं, सप्लायमधला दोष मी काढून देते, तू तुझे व्हॉल्व्ह सांभाळ. काय गरज होती? कुणी सांगितलं होतं? मला दाखवायचं होतं — दुसरं काय! एकदा तरी आप्पांनी म्हणावं, शोभीनं काढलं.

निघेना गं ते. आधी एक डायोड मेलेला सापडला, बदलला. मला वाटलं, झालं. चालू केलं, तपासणीसाठी वायरीत मध्ये जोडलेला सिरीजचा बल्ब डोळे फाडून पेटला, आत काहीतरी फुटलं आणि जळक्या कागदाचा वास दुकानभर. मग एक कंडेन्सर गळका निघाला, तोही बदलला. आता व्होल्ट यायचे, पण व्हॉल्व्ह लावले की खाली बसायचे, भोंग्यातून गुरगुर, आणि परत फट्. मी एकेक तार सोडवायची, एकेक जोडायची. जेवण तिथेच, चहा तिथेच. रागाने मी मीटर भिंतीवर आपटला, त्याची काच गेली. स्टुलाला लाथ घातली, माझाच अंगठा सुजला. एकदा तर किटच्या पत्र्यावर मुठीने मारत सुटले, सालटं निघाली तरी थांबेना. मंगलने माझा हात धरला तर मी तिला ढकललं. तिने झाडू घेऊन काच गोळा केली.

आणि त्यातच मला एक गोष्ट सापडली. ही नीट ऐक. त्या कंडेन्सरना समांतर एक रेझिस्टन्स असतो, साठलेली वीज हळूहळू जिरवून टाकायला. सेट बंद केल्यावर थोड्या वेळात आपोआप रिकामा होतो तो त्याच्यामुळे. मी एकदा सप्लाय बंद करून चहा प्यायला गेले. परत येऊन मीटर लावला, तर व्होल्ट जवळजवळ तेवढेच. रेझिस्टन्स उपटून पाहिला — वरून धड, खालच्या अंगाला बारीक चीर. तुटलेला. म्हणजे हा सप्लाय बंद केला तरी मरत नव्हता.

फ्यूज जायचं कारण ते नव्हतं. पण सांगायला तर हवं होतं! टेबलावर दुसरं माणूस बसतं, तेही आपलं. मी तो रेझिस्टन्स परत होता तसा डागून टाकला आणि गप्प बसले. तेव्हा मनात काही होतं का? मी स्वतःला कितीदा विचारलं. होतं, असं आज वाटतं. काय होतं ते नाव देऊन सांगता येत नाही. पण ज्याच्या मनात काही नसतं ते माणूस सांगून मोकळं होतं.

बाजाराचा दिवस होता. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी, आप्पा बशीत चहा ओतत होते. मी सप्लाय चालू केला आणि पुन्हा फ्यूज उडाला, आवाज जरा मोठाच झाला. मंगल हसली. वाईट नाही हसली, तिचं हसणं कधीच वाईट नव्हतं. म्हणाली, ताई, दुकानमाना समदा फ्यूज सरी जातीन व्हं! संपतील म्हणे सगळे. गिऱ्हाइकं हसली. आणि आप्पा — आप्पाही हसले. इतके हसले की चहा बशीतून धोतरावर सांडला. मग डोळे पुसत म्हणाले, दे तिले. तुन्हाघाई नही व्हनार.

तुझ्याकडून होणार नाही.

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मला ते दुकान पेटवून द्यावंसं वाटलं. आप्पांची बशी त्यांच्या तोंडावर फोडावीशी वाटली. मंगलचा तो हलका हात, ज्याचं सगळा गाव कौतुक करतो, तो धरून वाईसमध्ये आवळावासा वाटला. मी काहीच केलं नाही. म्हटलं, बरं, देते. एवढं शेवटचं बघून देते.

आप्पा गिऱ्हाइकांना घेऊन बाहेर गेले, कुणाच्या तरी पिकअपमध्ये स्टार्टर ठेवला होता तो बघायला. मंगल मागे माठाशी पाणी पीत होती. मी नवा फ्यूज घातला. व्हॉल्व्ह काढून ठेवले, म्हणजे फ्यूज उडणार नाही आणि कंडेन्सर पूर्ण भरतील. सप्लाय चालू केला. मीटरचा आकडा चढताना पाहिला — पार वरपर्यंत. बंद केला. प्लग काढून टेबलावर ठेवला, तिला दिसेल असा. व्हॉल्व्ह जागच्या जागी बसवले.

दिव्याच्या वायरी माझ्या कोपराला लागत होत्या. मी लावल्या नाहीत.

मंगल पदराला हात पुसत आली, स्टुलावर बसली. मी किट तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले — खाली शे.

एकदाच म्हणाले. नेहमीच्या आवाजात. माझ्या आवाजात काही फरक पडला असता तर तिने वर बघितलं असतं. नाही पडला.

तिने डाव्या हाताने पत्रा धरला, उजव्याने कंडेन्सरची तार उचलायला बोटं घातली. फाड् असा आवाज झाला, फटाका फुटावा तसा. तिच्या तोंडून शब्द नाही निघाला, नुसती हवा निघाली. ती स्टुलासकट बाजूला फेकली गेली आणि तिचं डोकं वाईसवर आपटलं. तो आवाज मी तुला सांगणार नाही. टेबलावर तापत ठेवलेल्या डागणीची वायर तिच्या बांगड्यांत अडकली होती, ती गरम डागणी तिच्याबरोबर खाली ओढली गेली.

आता तू म्हणशील, मारायचंच होतं का? मी नाही म्हणेन. मला फक्त तिने ओरडायला हवं होतं, रडायला हवं होतं, आप्पांसमोर तिचा हात एकदा तरी फजीत व्हायला हवा होता — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मीटर मीच पाहिला होता. एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली की वीज छातीतून जाते, हे मला परकराच्या वयापासून ठाऊक होतं. आप्पांनी एक हात कमरेमागे ठेवायला कशासाठी शिकवलं होतं? मला सगळं ठाऊक होतं. मग "नाही" कशाच्या जोरावर म्हणू?

इथवर सांगितलं ते काहीच नाही. थांब, पाणी पिते.

ती जमिनीवर पडली होती. डोळे पांढरे, तोंडाच्या कडेला फेस, केसांखालून रक्त. आणि मला — हे लिहायचंच आहे, त्यासाठीच बसलेय — मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कानातली शिट्टी थांबली. अंग हलकं झालं. डागणी तिच्या उजव्या मनगटावर पडली होती, आतल्या बाजूला, जिथे शिरा असतात तिथे. धूर निघत होता. चामडीचा चरचर आवाज येत होता. वास आला. मी उभी होते. डागणी माझ्या पायापासून हातभर लांब, तिची वायर माझ्या चपलेला टेकलेली. पायाने ओढली असती तरी बाजूला झाली असती. मी उभी राहिले आणि बघत राहिले.

किती वेळ? शिरा जळून जाण्याइतका वेळ.

बाहेर आप्पांच्या चपला वाजल्या. तेव्हा मी हलले. त्याआधी नाही. चपला वाजल्या तेव्हा मी डागणी उडवली, तिच्यावर वाकले, छाती दाबायला लागले, तोंडाला तोंड लावून हवा भरायला लागले, आणि बोंब मारली — आप्पा, मंगल! आप्पा आत आले तेव्हा त्यांनी काय पाहिलं? थोरली धाकटीचा जीव वाचवतेय. बाजारातून माणसं धावत आली, त्यांनीही तेच पाहिलं. तिने श्वास घेतला तेव्हा मी रडले. ते रडणं खरं होतं, पण त्याने काय होतं?

नंदुरबारला नेलं. पिकअपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि रस्ताभर आप्पा विचारत होते, कसं झालं? दिवा लावला नव्हता का? मी पदराने तिचं रक्त पुसत राहिले. दवाखान्यात ती दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली आणि तिला काही आठवेना. सकाळी घरून दुकानात यायला निघाली इथवर आठवत होतं, पुढे कोरं. आप्पा तिला विचारत होते, मला विचारत होते. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की असं होतं, तेवढं परत आठवेलच असं नाही.

आणि मी बोलले. किती सरळ बोलले बघ! म्हणाले, मी दिवा लावून, खाली करूनच दिला होता. हिने परत प्लग लावला, व्होल्ट बघितले, प्लग काढला आणि दिवा न लावताच हात घातला. मी पाठमोरी होते, दिसलं तोवर झालं होतं.

आप्पांनी खाटेवरच्या मंगलच्या कानाखाली मारली. डोक्याला पट्टी, हाताला पट्टी, आणि त्या माणसाने मारली. जीव घाबरला होता त्यांचा. दिवा काबर नही लावा तू? — का नाही लावलास, म्हणून ओरडत होते आणि रडत होते. मंगलने गाल धरला नाही; उजव्या हाताला पट्टी, डाव्याला सलाईन, धरायला हात कुठे होता? ती माझ्याकडे बघून म्हणाली, ताई, मन्हीच चूक. मला विचारत नव्हती ती. मान्य करत होती.

घरी येऊन आप्पांनी ते किट अंगणात ठेवून हातोड्याने ठेचलं. व्हॉल्व्हच्या काचा, कंडेन्सरचं चिपाड, तो चिरलेला रेझिस्टन्स — सगळ्याचा चेंदा. मंगल ओट्यावर बसून बघत होती. मी हातोड्याचा प्रत्येक घाव मोजल्यासारखी बघत होते आणि मनात म्हणत होते, ठेचा, अजून ठेचा, बारीक करा. तिला पुन्हा टेबलावर बसू दिलं नाही. तिनेही हट्ट केला नाही. म्हणाली, जे माणूस दिवा लावायला विसरतं त्याने या धंद्यात नसावं. बोटं मिटत नव्हती हे तर होतंच, पण ती तरी बसली असती गं, डाव्या हाताने शिकली असती. ती बसली नाही कारण तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. गॅस बंद केला की तीनदा बघते. कुलूप लावून परत फिरते. पोरीला विचारते, मी मीठ घातलं का गं? आणि पोर हसते.

आप्पा गेले. जाताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. दुकान मी चालवते. लोक दारातून विचारतात, शोभाबाई आहेत का?

आणि वर्षानुवर्षं मंगल लोकांना एकच गोष्ट सांगते — माले ताईनी वाचाडं. भाऊबीजेला आम्हाला भाऊ नाही म्हणून ती मला ओवाळते. ताट डाव्या हातात धरते, उजव्या हाताच्या न मिटणाऱ्या बोटांनी माझ्या कपाळाला कुंकू लावते. मी कपाळ पुढे करते. जेवते. दुसऱ्यांदा वाढून घेते.

एवढ्यावर मी थांबले असते का? कदाचित थांबले असते. माणूस अशा गोष्टींसकट म्हातारं होतं, मरूनही जातं. पण यंदा चेतना दहावी झाली. मंगलची पोर. चांगल्या मार्कांनी झाली, आणि म्हणाली मला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय. आईचा हात आहे तिचा. माझ्या दुकानात येऊन बसते तेव्हा मी बघते — टाका कसा डागते, फुंकर कशी मारते. मंगलने एकच म्हटलं, नाही. पोरीने जेवण सोडलं. मंगल म्हणाली, हा विसराळूपणा माझ्या रक्तात आहे, तुझ्यातही असेल, मी तुला मरायला नाही पाठवणार. आणि दोघींचं फारच जुंपलं तेव्हा मंगलने मला बोलावून घेतलं. म्हणाली, ताई, तू सांग तिला. तू व्हती तठे. तू डोळ्यांनी बघेल शे. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर बसेल.

मी निघाले तेव्हा वाटेत ठरवलं होतं, आज सांगायचं. देवाशप्पथ ठरवलं होतं. एका वाक्याचं तर काम! त्या वाक्याने मंगलला तिचं डोकं परत मिळालं असतं, आणि पोरीला टेबल.

घरात गेले. मंगलने चहा ठेवला. चेतना भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. आणि मी सांगायला लागले — तेच. जुनंच. पाठ झालेलं. तुझ्या आईने परत प्लग लावला. व्होल्ट बघितले. दिवा न लावता हात घातला. उलट या वेळी मी त्यात भर घातली — मी ओरडत होते मंगल दिवा लाव, पण हिचं लक्ष नव्हतं. कशाला घातली ती भर? कुणी मागितली होती? तोंड उघडलं आणि निघालं.

मंगल मान हलवत होती, जसं तिला आठवतंय.

चेतनाने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, मावशी, मागे तू म्हने, तुन्ही पाठ व्हती, तुले काही दिसनं नही. आते म्हनस, तू आरोळी मारी. पाठ व्हती ते तुले कसं समजनं?

इतक्या वर्षांत एका माणसाने हा प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरने नाही, आप्पांनी नाही, बाजारातल्या कुणी नाही. मी चहाचा कप उचलला.

आणि मंगलने पोरीच्या मुस्कटात मारली. त्या हाताची बोटं मिटत नाहीत, त्यामुळे चापट नाही बसली, अख्खा हात लाकडासारखा बसला. पोरीचं डोकं भिंतीवर आदळलं. मावशीले असं इचारतस का? तिनी तुन्ही मायले मरनमाथून ओढं! आणि दुसरी मारली. तिसरी मारली. मंगल — जिने आयुष्यात मुंगी मारली नाही — माझ्यासाठी स्वतःच्या पोरीला मारत होती. जळालेल्या मनगटाने.

चेतनाचा ओठ फुटला. ती रडली नाही, आईकडे तिने बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की तिला कळलंय.

मी उठले. मंगलचा हात धरला, म्हटलं, जाऊ दे गं, लेकरू आहे. चेतनाला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने माझा हात मनगटाशी धरला आणि खाली ठेवला. मंगल मला म्हणाली, ताई, माफ कर तिला.

मी म्हटलं, केलं.